पाणी किती आलें?

पोटासाठीं गांव सोडून परगांवीं स्थायिक झालेल्या माणसांना उतारवयांत एक विशिष्ट प्रकारचें दुखणें जडतें. सणावारीं त्याचा जोर वाढतो, आणि त्याच गांवचा दुसरा रोगी भेटला म्हणजे तर तें अगदीं अनावर होतें. पुण्यांत आम्हां सांगलीकर रोग्यांची संख्या मोठी आहे. दोघे सांगलीकर एखाद्या लग्नाच्या पंगतींत शेजारीं बसले, कीं पहिला भात संपण्यापूर्वीं कृष्णाकांठच्या मळीच्या वांग्यांचा विषय निघतो. मग भडंग येतें, गणपतीचें देऊळ येतें, भावे नाट्यमंदिर येतें, आणि मठ्ठा वाढूं लागेपर्यंत "आतां तें गांव राहिलें नाहीं" या पालुपदावर दोघांचें एकमत होतें. शेजारीं बसलेल्या तिऱ्हाइतानें तोंवर मुकाट्यानें कोशिंबीर खात राहावें हें उत्तम. आपल्याही गांवचीं वांगीं चांगलीं असतात असें तो चुकून बोलून गेला, तर त्याची धडगत नसते.

मी या रोगांतून मुक्त आहें असें मुळींच नाहीं. परंतु माझ्या दुखण्याचें लक्षण थोडें निराळें आहे. सांगली आठवते तेव्हां देवळाचें शिखर किंवा घाटाच्या पायऱ्या मला प्रथम दिसत नाहींत; मला वेळा आठवतात. पहांटेचे साडेपांच, सातला पांच कमी, सात वाजून पांच मिनिटें, बुधवारचे रात्रीचे आठ. माझें गांव जणूं दगडविटांचें नव्हतेंच. तें घटकापळांचें बनलेलें होतें. आणि त्या घटका माझ्या एकट्याच्या नव्हत्या. साऱ्या गांवाला मिळून एकच घड्याळ होतें, व तें कोणाच्या मनगटावर नसून हवेंत कोठेंतरी टांगलेलें होतें. आज प्रत्येकाच्या खिशांत सेकंदाचाही फरक न पडणारें घड्याळ आहे. पण माझे सात आणि माझ्या शेजाऱ्याचे सात यांचा एकमेकांशीं कांहीं संबंध उरलेला नाहीं.

ज्या सांगलीविषयीं मी बोलतों आहें ती १९७० पासून १९८८ पर्यंतची, आणि तीही सगळी नव्हे. चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धनांनीं १८०१ सालीं मिरजेहून वेगळे होऊन जिथें आपलें संस्थान उभारलें, विष्णुदास भाव्यांनीं १८४३ सालीं जिथें 'सीतास्वयंवर' रंगभूमीवर आणलें, ती सांगली इतिहासाच्या पुस्तकांत आहे. तिच्याशीं माझें नातें शाळेच्या संमेलनांतील एका भाषणापुरतें. माझी सांगली म्हणजे गांवभागांतला एक बोळ. त्याच्या एका टोकाला नदीकडे जाणारा उतार, दुसऱ्या टोकाला पिठाची गिरणी, आणि मधें चौदा घरें.

पहांटे साडेपांचच्या सुमारास बोळाच्या तोंडाशीं असलेल्या सार्वजनिक नळाला पाणी येई. येण्यापूर्वीं तो नळ एखाद्या वृद्ध गवयासारखा घसा खांकरीत असे, आणि त्या खांकरण्यासरशीं चौदाही घरांच्या कड्या वाजूं लागत. "पाणी आलं का गं?" हा प्रश्न एका खिडकींतून निघे व तिसऱ्याच खिडकींतून त्याचें उत्तर येई. कळशा, घागरी, आणि पुढेंपुढें प्लास्टिकच्या बादल्या यांची रांग आदल्या रात्रींच लागलेली असे. रांगेंत भांडें ठेवणें म्हणजे स्वतः उभें राहणें, असा त्या बोळाचा अलिखित कायदा होता. तो कोणीं मोडल्याचें मला आठवत नाहीं. भांडणें होत तीं कोणाच्या घागरीला कोणीं पोंचा पाडला यावरून.

रेडिओ बोळांत चार घरीं होते. त्या काळीं रेडिओ ठेवायचा म्हणजे पोस्टांत परवान्याची फी भरावी लागे, त्यामुळें तें थोडें प्रतिष्ठेचेंही लक्षण होतें. परंतु चार रेडिओ चौदा घरांना पुरून उरत, कारण भिंती पातळ होत्या व खिडक्या उघड्या असत. सांगलीचें आकाशवाणी केंद्र १९६३ सालीं सुरू झालें. म्हणजे मला समजूं लागलें तेव्हां तें बोळाच्या संसारांत चांगलें मुरलेलें होतें. सातला पांच कमी असतांना दिल्लीहून संस्कृत बातम्या लागत. बोळांतल्या बहुतेकांना त्यांतील पहिल्या दोन शब्दांपलीकडे फारसें कळत नसे. पण त्या लागल्या म्हणजे दूध चुलीवर असलें पाहिजे असा हिशेब होता. सात वाजून पांच मिनिटांनीं पुण्याहून प्रादेशिक बातम्या येत. त्या लागूनही जो मुलगा न्हाणीघरांतून बाहेर पडलेला नसे त्याला शाळेला उशीर होणार हें ठरलेलें. आमचे वडील त्याच वेळीं भिंतीवरच्या घड्याळाला किल्ली देत आणि कांटा जुळवून घेत. वस्तुतः घड्याळ चुकलेलें क्वचितच असे; पण तें न जुळवतां बातम्या ऐकणें त्यांना आचमनाशिवाय पानावर बसण्यासारखें वाटे. बुधवारीं रात्रीं आठला रेडिओ सिलोनवर 'बिनाका गीतमाला' लागे, तेव्हां चौकांतल्या पानाच्या दुकानापुढें जमलेली तरुण मंडळी पाहून परक्या माणसानेंही वार ओळखावा.

या सामाईक घड्याळाचा एक परिणाम असा, कीं कोणी चुकलें तर तें सर्वांना कळे. कोपऱ्यावरचे निवृत्त मास्तर सहाला खोंकत. ते खोंकले नाहींत तर माझी आई हातांतलें काम थांबवून कान देई. एखाद्या घरचा सातचा रेडिओ लागला नाहीं, तर साडेसातच्या आंत कोणी ना कोणी त्यांची कडी वाजवी. विचारण्याचें निमित्त नेहमीं दुसरेंच असे — विरजण आहे का, आज वार कोणता.

गिरणीविषयीं मात्र मला थोडें विस्तारानें लिहिलें पाहिजे. कारण माझें निम्मेंअधिक सामाजिक शिक्षण तेथें झालें. गिरणीवाल्याच्या भुंवया बाराही महिने पांढऱ्या असत, त्यामुळें त्याचें वय कोणालाच सांगतां येत नसे. पट्ट्याचा फटक्-फटक् असा आवाज अखंड चाललेला. त्यामुळें तेथें बोलायचें तें ओरडून, आणि साहजिकच तेथें गुपित असें कांहीं राहत नसे. डब्यांची रांग नळाच्या रांगेसारखी सरळ नव्हती. तिला धान्याचें शास्त्र होतें. गव्हावर गहूं, ज्वारीवर ज्वारी. बाजरी किंवा हरभऱ्याची डाळ घेऊन येणारानें सर्वांच्या शेवटीं. मला अनेकदां हरभऱ्याची डाळ देऊन पाठवीत, आणि त्या दीड-दोन तासांत मी डबे वाचावयास शिकलों. महिनाअखेरीस ज्यांचा डबा निम्म्यावर येई तीं घरें कोणतीं, आठवड्यांत दोनदां गहूं दळून नेणाऱ्या घरीं पाहुणे आहेत कीं मुलगी दाखविण्याचा कार्यक्रम आहे, हें डब्यावरून समजे. १९७२ च्या दुष्काळांत रेशनवर तांबडा मिलो मिळूं लागला, तेव्हां मी सहा वर्षांचा होतों. त्या वर्षीं बहुतेक डब्यांतून एकाच रंगाचें पीठ निघे, आणि गिरणींतलें बोलणें कमी झालें होतें, एवढें मला आठवतें. परततांना डबा डोक्यावर घेतला कीं ताज्या पिठाची ऊब टाळूला लागे. थंडीच्या दिवसांत त्या उबेसाठीं मी लांबच्या वाटेनें घरीं येत असें.

मृगाचे पाऊस पडून गेले, कीं बोळांतला प्रश्न बदले. "पाणी आलं का?" याच्या जागीं "पाणी किती आलं?" असें विचारलें जाई, आणि तें आतां नळाविषयीं नसे. सांगलीच्या पश्चिमेस कृष्णेवर आयर्विन पूल आहे. १९२९ सालीं तो झाला. ज्या व्हाइसरॉयाचें नांव त्याला दिलें तो काळा कीं गोरा हें विसरलेल्या लोकांच्या तोंडीं त्याचें नांव आज शंभर वर्षें होत आलीं तरी रोज आहे, आणि ही कीर्ति त्याला केवळ कृष्णामाईनें मिळवून दिली. पुलापाशीं पाण्याची उंची फुटांत मोजतात. ४० फुटांना इशारा, ४५ फुटांना धोका. सांगलीकराला स्वतःच्या मुलाची उंची एक वेळ सांगतां यायची नाहीं, पण हे दोन आंकडे तो झोंपेंत सांगेल.

पावसाळ्यांत रात्रीचें जेवण आटोपून छत्र्या घेऊन 'पाणी पाहावयास' जाणें हा पुरुषमंडळींचा नित्यक्रम असे. वडील परत येत, उंबऱ्यावर छत्री झटकीत आणि आंत न येतांच म्हणत, "३८." मग ती संख्या घरोघर जाई. बोळाच्या दुसऱ्या टोकाला, गिरणीपाशीं पोंचेपर्यंत ती ४० झालेली असे. संख्येनें ओलें होऊन फुगावें तसा हा प्रकार. पण भीतीपेक्षां त्यांत उत्साहच अधिक होता. घाटाची कोणती पायरी बुडाली यावरून लहान मुलेंही पाण्याचा अंदाज बांधीत. पाठीला रिकामा पत्र्याचा डबा बांधून आम्ही याच नदींत पोहावयास शिकलों. मोठीं मुलें भर पुरांत पुलावरून उड्या घेत, आणि त्यांच्या आयांना तें संध्याकाळपर्यंत कळत नसे. पाणी जरा स्थिरावलें कीं होड्यांच्या शर्यती होत. सांगलीवाडीच्या तरुणांचीं वल्हीं पाण्यावर एकदम पडत तेव्हां कांठावरचे हजारों लोक एकाच दमांत श्वास घेत आहेत असें वाटे.

उन्हाळ्याच्या तोंडाला गांवावर हळदीचा वास पसरे. सांगलीची हळदपेठ प्रसिद्धच आहे. राजापुरी हळदीचे सौदे सुरू झाले कीं हमालांचे हात, पाय, पापण्यासुद्धां पिवळ्या होत; लग्नसराईचे दिवस असल्यामुळें गांवांतले निम्मे पुरुष नवरदेव वाटत. ही हळद सांठविण्याची एक अजब रीत सांगलीला लागूनच असलेल्या हरिपुरांत होती. हरिपूर म्हणजे कृष्णा-वारणेच्या संगमावरचें, नाटककार गोविंद बल्लाळ देवलांचें गांव. तेथील माती अशी घट्ट, कीं तींत पाणी झिरपत नाहीं. तेव्हां जमिनींत खोल, तोंडाशीं अरुंद व पोटांत रुंद असें पेंव खणायचें, आंतून पाचटाचें अस्तर लावायचें, हळद भरायची आणि तोंड मातीनें लिंपून टाकायचें. वर्षानुवर्षें हळद तशीच राही; किडा नाहीं कीं बुरशी नाहीं. मात्र पेंव उघडल्यावर लागलीच आंत उतरायचें नाहीं. कोंडलेली हवा मारक असते. आधीं तोंड उघडें ठेवायचें, मग दोरीला कंदील बांधून खालीं सोडायचा. तो विझला नाहीं तरच माणसानें उतरायचें. २००५ च्या महापुरांत यांतलीं बरींच पेंवें नष्ट झालीं.

माझ्या आठवणींच्या पेंवांत कंदील सोडण्याचें काम माझ्या आत्येनें केलें.

आत्येचें लग्न झालें नाहीं. कां झालें नाहीं, हा बोळाच्या चर्चेचा विषय होता. आमच्या घरीं तो निघत नसे. ती शिवणकाम करी, मुलींना शिवण शिकवी, आणि त्या पैशांतून तिनें स्वतःचा ट्रान्झिस्टर घेतला होता. तिचें वय आज पंचाऐंशीच्या घरांत आहे. ती अजून त्याच बोळांत, त्याच घरीं, एकटी राहते. कांहीं वर्षांपूर्वीं तिच्या ओसरीवर बसून नळाच्या खांकरण्याचें असेंच रसभरित वर्णन मी माझ्या मुलाला ऐकवीत होतों. ती तांदूळ निवडीत होती. मान वर न करतां म्हणाली, "तुझ्या वांट्याला नळाचा आवाज आला रे. पाणी आमच्या वांट्याला होतं."

मग तिनें हिशेब मांडला. रोज बावीस कळशा, त्याही साडेसहाच्या आंत. रॉकेलसाठीं दुपारची रांग, कोळशाच्या वखारींत वेगळी रांग. "आणि कड्या वाजविणाऱ्यांचं म्हणशील, तर ते नेहमीं काळजीनंच वाजवीत होते असं समजूं नकोस. भावे नाट्यमंदिरांतनं नाटक पाहून मी एकदां साडेबाराला घरीं आले, तर दुसऱ्या दिवशीं सात जणींनीं विरजण मागितलं."

आणखी एक गोष्ट तिनें सांगितली, ती मला ठाऊक नव्हती असें नाहीं. परंतु तिला माझ्या वर्णनांत कधीं जागा मिळाली नव्हती. नळाच्या त्या रांगेंत एक भांडें नेहमीं हातभर अंतरावर ठेवलेलें असे. तें कोणाचें आणि लांब कां, हें बोळांत सर्वांना माहीत होतें, म्हणूनच त्याविषयीं कोणी बोलत नसे. रांगेचा कायदा कोणीं मोडला नाहीं असें मीं वर लिहिलें आहे. तो कायदा त्या भांड्याला लागूच नव्हता. सर्वांचें भरून झाल्यावर, धार करंगळीएवढी झाली म्हणजे त्याची पाळी येई. आत्या म्हणाली, "एकच घड्याळ होतं खरं. पण तिचं नेहमीं मागं असायचं."

यावर मला उत्तर सुचलें नाहीं, आणि अद्यापही सुचलेलें नाहीं. माझ्या आठवणी खोट्या आहेत असें मी यावरून म्हणणार नाहीं. पिठाची ऊब खरीच होती. पण गांव सोडून गेलेला माणूस गांवाची जी आठवण जपतो, ती बहुधा त्याच्या वांट्याला आलेल्या श्रमाच्या व्यस्त प्रमाणांत गोड असते, हें मात्र मला मान्य केलें पाहिजे. आत्येला जुन्या दिवसांची ओढ म्हणून नाहींच. घरांत गॅस आला त्या दिवशीं तिनें पेढे वाटले होते.

पुढें जें झालें तें सर्वत्र झालें आहे. त्यावर फार शाई खर्चण्याचें कारण नाहीं. घरोघर नळ आले, गच्चीवर टाक्या आल्या. १९८७ सालीं दूरदर्शनवर 'रामायण' सुरू झालें, तेव्हां रविवारीं सकाळीं सारा बोळ पुन्हां एकदां एका वेळेला बांधला गेला. मला वाटतें, तोच शेवटचा. नंतर वाहिन्या वाढल्या, टेलिफोन आले, आणि मुलें शिकून बाहेर पडलीं. मीही त्यांत होतोंच. कोणी विश्रामबागेकडे बंगले बांधले, कोणी पुणें गांठलें, कोणी अमेरिका. १९९८ सालीं सांगली, मिरज आणि कुपवाड मिळून महानगरपालिका झाली. आमच्या बोळांतल्या चौदा घरांपैकीं पांचांचीं आज गोदामें झालीं आहेत, चारांना कुलुपें आहेत, तिघांच्या जागीं मिळून एक चार मजली इमारत उभी आहे. राहिलेल्या दोहोंपैकीं एक आत्येचें.

२००५ सालीं कृष्णा ५३ फुटांच्या वर गेली, तेव्हां आत्येच्या ओसरीवर चार बोटें पाणी आलें. त्या वेळीं बोळांत माणसें होतीं. पाणी उंबऱ्याला लागण्यापूर्वींच तिला सामानासकट उंचावरच्या शाळेंत नेऊन ठेवलें होतें. परत आल्यावर तिनें भिंतीवर कुंकवाची रेघ ओढून शेजारीं साल लिहिलें. ही रेघ म्हणजे कृष्णेनें स्वतः घालून दिलेली मर्यादा आहे, असा तिचा ठाम समज झाला. त्यामुळें २०१९ च्या ऑगस्टमध्यें महापालिकेची माणसें दारोदार सांगत फिरलीं तेव्हां तिनें त्यांना रेघ दाखविली, आणि ट्रान्झिस्टर, बिस्किटें व पाण्याची एक कळशी घेऊन ती माडीवर जाऊन बसली.

मी पुण्याला होतों. कोयनेंतून किती क्युसेक सोडलें, पुलाशीं किती फूट झालें, हें सर्व मला क्षणाक्षणाला मोबाइलवर दिसत होतें. वडिलांना छत्री घेऊन जाऊन जें पाहावें लागे तें मी अंथरुणांत पडल्या पडल्या पाहत होतों. परंतु त्या आंकड्यांपैकीं एकालाही माझी आत्या कशी आहे तें सांगतां येत नव्हतें. वीज गेलेली, तिचा फोन बंद. सांगलींत शिरणारे रस्ते पाण्याखालीं. ज्यांना फोन करून "जरा डोकावून याल का" असें म्हणावें अशीं माणसें आठवूं लागलों, तेव्हां ध्यानांत आलें कीं तीं सर्व माझ्यासारखींच कोठेंतरी बाहेरगांवीं बसून मोबाइल पाहत आहेत. पाणी ५७ फुटांच्या वर गेलें. आत्येच्या ओसरीवर तें छातीइतकें होतें.

शेजारच्या गोदामाच्या माळ्यावर दोन पोरगे माल राखण्यासाठीं थांबले होते. त्यांतला एक जत तालुक्यांतला. जत म्हणजे आमच्याच जिल्ह्याचें पूर्वेकडचें टोंक, कायमचें अवर्षणग्रस्त, तेथें "पाणी आलं का?" याचा अर्थ टँकर आला का, असा होतो. या पोराला पोहतां येत नव्हतें, इतकें पाणी त्यानें जन्मांत पाहिलें नव्हतें, आणि आत्येचें नांवही त्याला माहीत नव्हतें. ९ ऑगस्टला सकाळीं त्यानें सांगलीवाडीकडून आलेल्या एका होडीला हांका मारमारून थांबविलें व आत्येच्या माडीकडे बोट दाखविलें. होडीवाले वर चढले. आत्येला ताप भरला होता, कळशींतलें पाणी आदल्या दिवशींच संपलें होतें, आणि हांक मारण्याचें त्राण तिला नव्हतें. त्यांतही ती होडींत बसेना. आदल्या दिवशीं ब्रह्मनाळ येथें होडी उलटून अनेकांचे प्राण गेले होते, तें तिनें रात्रीं रेडिओवर ऐकलें होतें. शेवटीं त्यांनीं तिला उचलूनच घेतली.

महिन्याभरानें मी त्या पोराला भेटलों. आजी अडकल्या आहेत हें त्याला कसें कळलें, असें विचारलें. त्याला या प्रश्नाचेंच नवल वाटलें. तो म्हणाला, "रोज सातला आजींचा रेडू लागायचा की. पानी चढल्यावरबी लागत हुता. त्या दिशी लागला न्हाई, म्हनून म्हटलं, बगावं."

रात्रीं ती बातमी ऐकून झाल्यावर ट्रान्झिस्टरचे सेल संपले होते.

२०२१ च्या जुलैंत पाणी पुन्हां ५० फुटांच्या पलीकडे गेलें. या खेपेस आत्या आधींच बाहेर पडली. तो पोरगाच तिला घेऊन गेला. आतां भिंतीवर तीन रेघा आहेत. तिसरी त्यानें ओढली, कारण स्टुलावर उभें राहण्याचें तिचें वय उरलेलें नाहीं. रंग देणारा आला म्हणजे ती त्या भिंतीला हात लावूं देत नाहीं.

घराचा प्रश्न मात्र सुटलेला नाहीं. एका बांधकाम-व्यावसायिकाला आमचें घर आणि शेजारचें गोदाम मिळून जागा हवी आहे. खालीं वाहनतळ, वर सदनिका. आत्येला तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, जिन्याऐवजीं लिफ्ट, आणि चुलतभावंडांना आपापला वांटा. देऊं केलेली रक्कम वाईट नाहीं. पंचाऐंशी वर्षांच्या बाईनें दर पावसाळ्यांत भिंतीवरच्या रेघा मोजीत राहावें, असें म्हणण्याची माझी छाती नाहीं. तिसऱ्या मजल्यावर कृष्णा यावयाची नाहीं हेंही खरें आहे. आम्हां सर्वांच्या सह्या झाल्या आहेत. तिची झालेली नाहीं. गेल्या दिवाळींत मी कागद घेऊन गेलों होतों, तेव्हां तिनें चष्मा लावून तो शेवटच्या ओळीपर्यंत वाचला आणि विचारलें, "गोदाम पाडल्यावर तो कुठं जाणार?"

त्या कागदांत तें नव्हतें. पोराचें आतां लग्न झालें आहे. गोदामाच्या मागच्या खोलींत तो, त्याची बायको आणि वर्षाची मुलगी राहतात. भाडेकरार गोदामाच्या मालकाच्या नांवें आहे, याचा कोठेंच नाहीं. मीं तिला तसें सांगितलें. ती कांहीं बोलली नाहीं. कागदाची घडी घालून तिनें तो देव्हाऱ्यामागें ठेवला, जेथें आमच्या घरीं विजेचीं बिलें ठेवीत असत.

मी निघालों तेव्हां तिनें एका पिशवींत चार रिकामे सेल घालून माझ्या हातीं दिले. हे मोठे सेल आतां सांगलींत सगळीकडे मिळत नाहींत, पुण्यांत मिळतील, असें तिचें म्हणणें. "असलेच आण," ती म्हणाली, "बारीक नको. आणि पावसाच्या आधीं आण."